नऊ वेळा विचारलेला प्रश्न

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. वक्तृत्व स्पर्धा, वेळ सात मिनिटं, विषय पाणीटंचाई. भाषणात मी ‘याला जबाबदार कोण?’ हे वाक्य नऊ वेळा घातलं होतं. पाचव्या वेळेपर्यंत मला चांगलंच स्फुरण चढलं. सहाव्यांदा मी नुसतं ‘याला’ म्हटलं आणि मागच्या बाकांवरून ‘जबाबदार कोऽऽण’ असा सूर आला. सातव्याला सगळं सभागृह हसत होतं. भाषण पाठ केलेलं, त्यामुळे मधलं गाळताही येईना. उरलेले दोन प्रश्न कसे म्हटले ते आठवलं की अजून कान तापतात.

परीक्षकांपैकी एक बाई नंतर एवढंच म्हणाल्या, ‘प्रश्न नऊदा आला गं, विषय एकदाही पुढं सरकला नाही.’

तेव्हा राग आला. ती जागा टाळ्यांची आहे, असं आमच्या मार्गदर्शकांनी पेन्सिलीने खूण करून दिलं होतं. टाळ्यांच्या जागा आखून देणाऱ्या मार्गदर्शकांपासून लांब राहा, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. तयार भाषणांच्या पुस्तिकांबद्दलही तेच. त्यांतलं प्रत्येक भाषण तुमच्या आधी दहा जणांनी म्हटलेलं असतं.

माझी चूक काय झाली, ते जरा सविस्तर सांगते, कारण नव्या मुलांच्या भाषणांत आजही तीच सापडते. माझी वाक्यं अशी होती: विहिरी आटल्या, जबाबदार कोण? तलाव आटले, जबाबदार कोण? टँकर वाढले, जबाबदार कोण? यातली कुठलीही दोन वाक्यं उलटसुलट लावा, काही बिघडत नाही. आणि नेमकं तेच चुकलं होतं. क्रम बदलून काही बिघडत नसेल, तर तुम्ही चढत नाही, एकाच पायरीवर उड्या मारताय. ऐकणाऱ्याला तिसऱ्या खेपेला चाल कळते. त्यानंतर तो तुमच्या पुढे धावतो, आणि तुमच्या आधी पोचला की हसतो.

आता महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या, 1883 सालच्या त्या ओळी घ्या. शाळेच्या भिंतीवर वाचून वाचून गुळगुळीत झाल्यात, तरी पुन्हा मोठ्याने म्हणा: विद्येविना मति गेली; मतीविना नीति गेली; नीतीविना गति गेली; गतीविना वित्त गेले; वित्ताविना शूद्र खचले; इतके अनर्थ एका अविद्येने केले. इथे एकही तुकडा हलवता येत नाही. मागच्या वाक्यात जे गेलं, त्याच्याच अभावाने पुढचं जातं. आपल्या अलंकारशास्त्रात अशा साखळीला कारणमाला म्हणतात. अलंकार परीक्षेत मार्कांना येतात म्हणून आपण ते पाठ करून विसरतो. मति, नीति, गति हे तीन ठोके एका लयीत पडतात. चौथ्याला ‘वित्त’ येऊन तो नाद मोडतो. पाचव्याला ‘गेले’सुद्धा जातं आणि ‘खचले’ येतं. आतापर्यंत गोष्टी जात होत्या, आता माणूस खचला. कान ‘गेले’ची वाट बघत असतो म्हणूनच तो शब्द असा बसतो. आणि विद्येपासून निघालेलं वाक्य अविद्येपाशी येऊन थांबतं.

घाबरू नका, फुल्यांसारखं लिहायला कुणी सांगत नाहीये. एवढंच करा: ओळ तीच ठेवा, तिच्या अलीकडचं दर वेळी जड करा, आणि लोक जिथे तिची वाट बघतील तिथे ती देऊ नका.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘आहे, आहे, आहे’ असं पुनरावर्तन आपण न मागताच होत असतं. त्या रांगेत मुद्दाम योजलेली ओळ ऐकूच येत नाही. आजूबाजूच्या वाक्यांची शेपटं आधी बदला. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. मी ऐकलं तेव्हा सात मिनिटांत चौदा ‘मित्रहो’ निघाले. एकही लिहिलेला नव्हता! लेखात तर हात आणखी आखडता घ्या. बोलताना थांबून, आवाज उतरवून तीच ओळ वेगळी करता येते, कागदावर ती निमूट तशीच पडून राहते. आणि दर वेळी आवाज चढवायचा नसतो. आधी आवाज चढवणं सोडा, मग बाकीचं.

पुढच्या वर्षी विषय जवळपास तोच होता. या वेळी लिहिलं: विहीर आटली, जबाबदार कोण? शेजाऱ्यांनी चारशे फुटांचं बोअर मारलं, आमच्या विहिरीचा ओलावाही गेला, जबाबदार कोण? त्यांच्या पलीकडच्यांनी सहाशे फूट मारलं, शेजाऱ्यांचं बोअर कोरडं पडलं, जबाबदार कोण? मग माझ्या वडिलांनी कर्ज काढून आठशे फूट मारलं.

तिथे थांबले. प्रश्न विचारला नाही. मागच्या बाकांवर कुणीतरी तो पुटपुटलं, पण या वेळी हसलं कुणी नाही. नंबर उत्तेजनार्थ आला. घरी वडिलांना मात्र ते भाषण अजून ऐकवलेलं नाही.