पिल्लू हाताला चावते? या चुका टाळा

संध्याकाळी सातच्या सुमारास कुत्र्याचे दहा आठवड्यांचे पिल्लू घरभर सुसाट धावते, पायजम्याची कड दातांत धरून हिसडे देते आणि सोडवायला गेलेल्या हातालाच चावते, तेव्हा ‘हे पुढे चावरे निघणार’ म्हणून घरातले धास्तावतात. या वयात ही भीती बहुधा अनाठायी असते, कारण पिल्लू प्रत्येक गोष्ट तोंडानेच तपासते, आणि साधारण चौथ्या महिन्यापासून २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येऊ लागले की हिरड्याही शिवशिवतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे चावल्याबरोबर हात झटकन मागे ओढणे. पळणाऱ्या वस्तूमागे धावणे हा पिल्लाचा स्वभावच आहे; शिवाय सुईसारखा दात कातडीत असताना हात ओढला की ओरखडा लांबवर जातो. हात तिथेच सैल सोडावा, पकड सुटली की तोंडी दोरी द्यावी आणि पुन्हा चावले तर एक शब्दही न बोलता उठून वीस-तीस सेकंद दाराआड जावे. दात लागले की खेळ थांबतो, हे त्याला उमगायला काही आठवडे लागतात, तेही घरातल्या प्रत्येकाने हेच केले तर. आजोबा कौतुकाने बोटे चावू देतात आणि नातीला चावले की ओरडा बसतो, अशा घरात त्या बिचाऱ्याने शिकायचे तरी काय?

नाकावर चापट मारू नये, तोंड दाबूनही धरू नये. त्याने पिल्लू हाताला भिऊ लागते आणि भ्यालेले कुत्रे खरोखर चावते.

झोपेचा विचार फार थोडे लोक करतात. या वयात पिल्लाला दिवसाचे १८ ते २० तास झोप लागते आणि संध्याकाळचा तो धुमाकूळ पुष्कळदा पेंगुळलेल्या तान्ह्या मुलाच्या किरकिरीसारखाच असतो. अशा वेळी त्याला शांत कोपऱ्यात निजवावे.

चघळायला ओले सुती फडके पिळून, गारठवून, आपल्या नजरेसमोर द्यावे. जुनी चप्पल देऊ नये, कारण जुन्या-नव्यातला फरक त्याला कळत नाही. शिजवलेली हाडे तर मुळीच नकोत; त्यांचे धारदार तुकडे होतात.

रेबीजची पहिली लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर दिली जाते, म्हणजे दहा आठवड्यांच्या पिल्लाला ती बहुधा मिळालेली नसते. त्यामुळे घरच्या पिल्लाचा दात लागून नुसते खरचटले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, हळद किंवा चुना न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.