गाइडकडे देण्याआधी पान मित्रांत वाचा

पीएच.डी.च्या पेपरचा मसुदा गाइडकडे महिनाभर पडून राहतो आणि परत येतो तो लाल होऊन. जळगावात आम्ही चौघं दर शनिवारी बसतो. विषय वेगवेगळे: केळीच्या पानांवरचा करपा रोग, तापीचं पाणी, पॉलिमर, अहिराणी. उलट तेच बरं.

१. एका वेळी एकच पान.
२. ते दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं (हेच अवघड). वाचणारा अडखळला की पेन्सिलनं खूण.
३. मग तिसऱ्यानं निष्कर्ष एका वाक्यात सांगायचा. परवा माझं पान ऐकून अहिराणीवाला म्हणाला, "म्हणजे पाऊस जास्त तर करपा जास्त, ना?" मला म्हणायचं होतं, केळीचं पान किती तास ओलं राहतं ते महत्त्वाचं. परिच्छेद तिथंच बदलला.

मात्र अप्रकाशित आकडे, आलेख व्हॉट्सॲपवर टाकू नका. कागद वाचून झाला की परत घ्या.