जुन्या हायब्रिडला आधी गार हवा द्या, मग ॲव्हरेजचं बोला

२०१० नंतरची प्रियस, २०१३ नंतरची कॅमरी हायब्रिड, क्वचित २००८ची सिव्हिक हायब्रिड. अशी गाडी सेकंडहँड घेतली की पहिली तक्रार ठरलेली: हायब्रिड म्हणून घेतली आणि ॲव्हरेज तर साध्या पेट्रोल गाडीएवढंच! मग कोणी चिप सुचवतो, कोणी पेट्रोलच्या नळीवर बांधायचं चुंबक, कोणी थेट सीएनजी किट. यातलं काहीही करू नका. या गाड्यांचं ॲव्हरेज पडतं ते तीन कारणांनी: बॅटरी तापते, चाकं अडखळतात, इंजिन गार राहतं. आधी ही तीन दुखणी काढायची. आरामाचं बरंचसं काम त्यातच होऊन जातं, कारण टोयोटाच्या या गाड्यांत बॅटरीचा पंखा हवा ओढतो ती केबिनमधूनच. तुम्ही गार, तर बॅटरी गार.

२०१५ची मारुतीची सियाझ किंवा अर्टिगा एसएचव्हीएस (म्हणजे सौम्य हायब्रिड) असेल तर बॅटरीचा भाग वाचायची गरज नाही. तिच्यात हाय व्होल्टेज बॅटरीच नाही. टायर, ब्रेक आणि आवाजाचा भाग मात्र तिलाही लागू.

आधी मोजा

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका, तो बहुधा गोड बोलतो. एकाच पंपावर, पहिल्या ऑटो-कटपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा तिथेच भरा. अशा तीन टाक्यांची सरासरी घ्या. पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही हिशेब धरा. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे ई२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास ७ टक्के ऊर्जा कमी. दहा वर्षांपूर्वीच्या मालकाने सांगितलेला आकडा आज मिळाला नाही, तर त्यातला हा वाटा गाडीचा दोष नाही.

ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचं छोटं यंत्र) घ्या आणि हायब्रिडची बॅटरी वाचणारं ॲप मोबाइलवर टाका. पाहायचे आकडे तीनच: बॅटरीचं तापमान, ब्लॉक-ब्लॉकमधला व्होल्टेजचा फरक आणि इंजिनच्या कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान. प्रियसच्या बॅटरीत ७.२ व्होल्टचे २८ मॉड्यूल (बॅटरीचे सुटे तुकडे) असतात, एकूण २०१.६ व्होल्ट, कॅमरीत ३४ मॉड्यूल, २४४.८ व्होल्ट. दोन मॉड्यूल मिळून एक ब्लॉक. चढावर जोर दिल्यावर सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या ब्लॉकमधला फरक ०.३ व्होल्टच्या आसपास राहिला तर बॅटरी ठणठणीत. तोच ब्लॉक दर वेळी १ व्होल्ट किंवा जास्त मागे पडत असेल तर तो थकलाय, आणि आज ना उद्या पी०ए८० हा 'बॅटरी बदला' सांगणारा कोड येणार.

अशा वेळी 'एकच मॉड्यूल बदलून देतो' म्हणणारे भेटतील. मूळ मॉड्यूल ६.५ ॲम्पिअर-तासांचं असतं. जुन्या, दमलेल्या सोबत्यांमध्ये एक ताजं बसवलं की काही महिन्यांत पुढचं जातं. पूर्ण संच बदला, नाहीतर क्षमता मोजून जुळवलेले मॉड्यूल घ्या.

बॅटरीचा पंखा

प्रियसमध्ये मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते. इतर गाड्यांत ती सीटच्या कडेला किंवा मागच्या शेल्फवर सापडेल. तिथून हवा आत जाते. बहुतेक मालक नेमकी तिथेच बॅग, उशी किंवा द्राक्षाची पेटी टेकवतात. नाशिकची धूळ, गालिच्याचे धागे आणि कुत्र्याचे केस पंख्याच्या पात्यांवर जाड थर धरतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बॅटरी सतत ४५ अंशांच्या पुढे राहिली, तर गाडी तिचा वापर कमी करते आणि इंजिनच जास्त चालतं. ॲव्हरेज जातं ते इथे.

साफ करताना क्रम चुकवू नका. गाडी बंद, चावी लांब ठेवा. १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इन्सुलेटेड हातमोजे घालून, १,००० व्होल्टसाठीचे म्हणजे क्लास ० चे, नारिंगी सर्व्हिस प्लग (हाय व्होल्टेज तोडणारा) काढा आणि खिशात ठेवा, म्हणजे दुसरं कोणी तो परत लावणार नाही. नंतर १० मिनिटं थांबा. इन्व्हर्टरमधले (बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या पेटीतले) कपॅसिटर रिकामे व्हायला तेवढा वेळ लागतो. मग सीटच्या कडेचं ट्रिम आणि हवेची नळी काढून पंखा बाहेर घ्या. पाती मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने धुवा, मोटर कोरडी ठेवा. बॅटरीकडे कॉम्प्रेसरची हवा मारू नका, धूळ आत ढकलली जाते. व्हॅक्यूमने बाहेर ओढा. एखादं पातं तुटलं तर पंखा डगमगतो आणि गुणगुणतो, तेव्हा नवाच घ्या. जाळीवर फोम लावायचा असेल तर जाड भोकांचा, आणि महिन्यातून एकदा झटका. बारीक कापड लावलंत तर पंख्याचा गळाच दाबाल.

एक गोष्ट पुन्हा सांगायलाच हवी. सर्व्हिस प्लग काढला तरी बॅटरीच्या पेटीच्या आत जीवघेणा व्होल्टेज असतोच. पेटीचं झाकण घरी उघडायचं नाही. बसबारवरचा (मॉड्यूल जोडणाऱ्या पट्ट्यांवरचा) गंज घासणं हे हायब्रिड उघडायची सवय असलेल्या माणसाचं काम.

एसी: चुकीचं तेल म्हणजे मोठा खर्च

टोयोटाच्या या गाड्यांचा एसी कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, हाय व्होल्टेजवर चालतो. त्यात एनडी-११ हे वीज न वाहणारं तेल असतं. नेहमीच्या एसीवाल्याच्या मशीनमध्ये असतं पट्ट्यावरच्या कॉम्प्रेसरचं पॅग तेल. ते थोडं जरी आत गेलं तरी कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन बिघडतं आणि गाडी हाय व्होल्टेज गळतीचा दोष दाखवून उभी राहते. म्हणून गॅस (आर-१३४ए) भरण्याआधी विचारा: तेल कोणतं? मशीनची नळी धुतली का? उत्तर अडखळत आलं तर गाडी वळवा. लीक शोधायचा रंगही याच तेलाशी जुळणारा हवा.

केबिन फिल्टर वर्षातून एकदा बदला, कच्च्या रस्त्याचा वापर असेल तर लवकर. उन्हात उभी गाडी घेताना आधी चारही दारं दोन मिनिटं उघडी ठेवा, मग एसी रिसर्क्युलेशनवर २५-२६ अंशांना. पुढच्या काचेला उभी राहिल्यावर सनशेड. काळी फिल्म नको: काचेतून पुढे-मागे किमान ७० आणि बाजूने ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, हा नियम आहे.

चाकं आणि ब्रेक

हायब्रिड बरंचसं थांबते ती मोटरच्या जोरावर. ब्रेक पॅड त्यामुळे खूप टिकतात, पण कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना हलतच नाहीत आणि दोन पावसाळ्यांत अडकतात. मग पॅड डिस्कला घासत राहतो. दहा किलोमीटर हळू ब्रेक लावत चालवा, थांबा, चाकाच्या रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर पीन अडकली आहे. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पिना काढून साफ करायच्या आणि रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं चेसिस ग्रीस रबर फुगवतं. फिटरला आधीच सांगा: या गाड्यांत दार उघडलं तरी ब्रेकचा पंप जागा होऊ शकतो, म्हणून पॅड काढण्याआधी १२ व्होल्टची निगेटिव्ह तार काढायची.

टायर कंपनीच्या मापाचेच घ्या, शक्यतो कमी घर्षणाचे. रुंद टायर आणि जड अलॉय लावले की शहरात लगेच फरक कळतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या स्टिकरपेक्षा २-३ पीएसआय जास्त. प्रियसच्या १५ इंची चाकांना स्टिकर पुढे ३५ आणि मागे ३३ सांगतो. त्याहून फार वर गेलात तर ॲव्हरेजमधली कमाई कंबरेतून जाते. अलाइनमेंट दर १०,००० किलोमीटरला; टो (चाकांचा आत-बाहेर कल) चुकला तर गाडी सरळ जाताना दिसते, पण टायर रस्त्यावर खरडत असतात. स्पीडब्रेकरला लागून खालचं प्लास्टिकचं कव्हर लोंबत असेल तर क्लिपा घालून पुन्हा नीट बसवा. ते केवळ चिखल अडवायला नसतं, खालून जाणारी हवाही सरळ ठेवतं. स्पेसर टाकून गाडी उंच करणं हा त्याच्या नेमका उलट उद्योग.

इंजिन

तेल ०डब्ल्यू-२०, प्रियसच्या १.८ लिटर इंजिनात फिल्टरसह ४.२ लिटर. जाड तेल घातलं की इंजिन दर वेळी सुरू होताना जास्त कष्ट घेतं, आणि हायब्रिडचं इंजिन सिग्नलागणिक सुरू होतं. ट्रान्सॲक्सलमधलं (गिअरबॉक्समधलं) एटीएफ डब्ल्यूएस तेल, प्रियसमध्ये सुमारे ३.३ लिटर, 'आयुष्यभर चालतं' असं ऐकाल. लाख किलोमीटर झाले असतील तर बदला. वरचा भरायचा बोल्ट आधी सुटतो का पाहा, मगच खालचा काढा. उलट केलंत आणि वरचा अडला तर गाडी तेलाविना जागेवर.

कूलंटचा आकडा इथे कामी येतो. हिवाळ्यात पहाटे निफाडच्या बाजूला जाताना तो ८० च्या जवळ न पोहोचता साठीतच घुटमळत असेल, तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडबंद करणारा झडपेसारखा भाग) उघडा अडकलाय. इंजिन गार म्हणून ते बंदच होत नाही. स्वस्त सुटा भाग, पण परिणाम मोठा. इन्व्हर्टरची कूलंट टाकी वेगळी असते. गाडी 'रेडी' असताना त्यात पाणी हलताना दिसायला हवं. दिसलं नाही तर पंप तपासा, नाहीतर इन्व्हर्टर जाईल.

२०१० नंतरच्या प्रियसचं मोठं दुखणं ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर गार करणारा भाग. तो काजळीने तुंबतो, मग इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधल्या चार बारीक वाटा कमीजास्त बंद होतात आणि पुढे हेड गॅस्केट जाते. गाडी सकाळी सुरू करताना काही सेकंद थरथरत असेल आणि कूलंट हळूहळू कमी होत असेल तर गॅस्केट बहुधा गेलीच. आता साफसफाईने भागणार नाही. तशी लक्षणं नसतील तर लाख किलोमीटरच्या आसपास कूलर काढा, कार्बन काढणाऱ्या द्रवात भिजवा, पाणी मोकळं वाहेपर्यंत धुवा, मॅनिफोल्डच्या वाटाही साफ करा, नवी गॅस्केट घाला आणि कूलंटमधली हवा काढा. कूलर इंजिनच्या मागच्या बाजूला असतो, हात पोहोचत नाही; गाडी दिवसभर गॅरेजमध्ये राहील असं धरा.

डिकीतली १२ व्होल्टची बॅटरी एजीएमच (सीलबंद प्रकारची) हवी, गॅस बाहेर नेणाऱ्या नळीसकट, कारण ती केबिनच्या हवेत बसलेली असते. रात्रभर उभी राहिल्यावर १२.२ व्होल्टच्या खाली दिसली तर ती बदला. अनेक 'हायब्रिड सिस्टीम' दोष इथूनच निघतात.

आवाज

इंजिन बंद असताना टायरचा आवाज जास्त बोचतो. पुढची दोन दारं आणि स्टेपनीची खोली एवढंच करा. दाराचं ट्रिम काढा, आतला पत्रा थिनरने पुसा, २ मिलिमीटरची ब्युटाइल शीट रोलरने दाबून बसवा. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, ४० टक्के झाकला तरी त्याचा खणखणाट मरतो. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा, आणि प्लास्टिकची शीट परत नीट चिकटवा; इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात याची परीक्षा होते. डांबरी शीट स्वस्त, पण मेमध्ये वास येतो आणि पाघळते. एकूण वजन १०-१२ किलोंच्या पुढे जाऊ देऊ नका. सीट कव्हर घेताना कडेला एअरबॅग असेल तर ती शिलाई उघडी राहील असंच शिवून घ्या.

रस्त्यावर

नाशिकच्या द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत गाडी 'एन' मध्ये टाकू नका. टोयोटात न्यूट्रलला हाय व्होल्टेज बॅटरी चार्ज होत नाही. 'डी' मध्ये ब्रेक दाबून थांबा. मुंबईला जाताना कसारा घाट उतरायला लागलात की सुरुवातीलाच 'बी' मोड घ्या. बॅटरी थोड्याच वेळात भरते, मग मोटरचा ब्रेक संपतो आणि सगळा भार पॅडवर येतो. 'बी' मध्ये इंजिन पेट्रोल न जाळता फिरतं आणि गाडी आवरतं. सपाटीला आलात की परत 'डी'. समृद्धीवर १२० ने गेलात तर हायब्रिडची करामत उरत नाही, हवाच सगळं खाते. ९० ला धरलीत तर आकडा लगेच वर येतो.

कागदपत्रांचंही पाहा. परवानगीशिवाय आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही, आणि सीएनजीची टाकी डिकीत बसवली की बॅटरीची हवाही अडते. २००८ची गाडी असेल तर १५ वर्षं उलटून गेली आहेत. आरसीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलेला आहे का, हे पंख्याला हात लावण्याआधी बघून घ्या.