खाऱ्या जमिनीतलं भात: मृगाचं पहिलं पाणी अडवू नका

मृगाचा पाऊस पडला की खाचरात पाणी अडवायची घाई होते. गोड्या जमिनीत ते चालतं. पेण-अलिबागच्या खारेपाटात किंवा कोकणात कुठेही खाडीकाठच्या शेतात हे पहिलं पाणी मात्र बाहेर गेलंच पाहिजे. उन्हाळाभर जमिनीतलं खारट पाणी वर चढतं, वाफ होऊन जातं आणि मीठ मागे ठेवतं. मे महिन्यात बांधाच्या कडेला दिसणारा पांढरा थर तो हाच. पहिल्या पावसात तो विरघळतो. म्हणून शेत भरू द्या, पाणी एक-दोन दिवस मुरू द्या आणि ओहोटी लागली की उघाडीतून, म्हणजे खारबांधातल्या झडपेच्या दारातून, सोडून द्या. असं दोन-तीन वेळा झाल्यावरच लावणीला हात घाला.

उघाडीची झडप आत्ताच बघून घ्या. एखादा ओंडका किंवा प्लास्टिकचा गोळा अडकला तरी भरतीला ती पुरती मिटत नाही आणि रात्रीतून खारं पाणी आत येतं. बांधावरची खेकड्यांची बिळं भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत चिकणमातीने ठेचून बुजवा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आलं की वेळ मिळत नाही. खांड, म्हणजे बांधाला भगदाड, एकाच्या शेतालगत गेली तरी नासाडी बांधाआडच्या सगळ्या खाराची होते, त्यामुळे हे काम गावाने मिळून करावं, असं मी आग्रहाने सांगेन.

बियाणं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-1, पनवेल-2 किंवा पनवेल-3 यांपैकी घ्या. रोपवाटिका गोड्या, उंच जागेवर करा. भात कोवळ्या रोपात आणि पुढे पोटरी (लोंबी अजून पानाच्या पोटात असते तो काळ) ते फुलोऱ्यात मिठाला सगळ्यात नाजूक असतं. फुटव्याच्या वेळी बरंच सोसतं. म्हणून 30 ते 35 दिवसांची दणकट रोपं लावा, एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) तीन-चार. लावणी जरा दाट ठेवा, कारण थोडी मर होतेच.

लावणीनंतर खाचरात 5 सेंटिमीटर पाणी राहू द्या. पावसाने आठवडाभर दडी मारली की इकडे जमीन सुकते, तिकडे मीठ वर येतं. पानांची टोकं पांढुरकी होऊन करपायला लागली तर आधी पाण्याची क्षारता मोजा. ती 2 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर ते पाणी काढून शेततळ्याचं गोडं पाणी द्या. नुसता युरिया फेकून पान हिरवं होणार नाही.

खरी परीक्षा सप्टेंबरअखेरीस असते. हस्ताचा पाऊस चुकला आणि त्याच वेळी भात पोटरीत असलं तर लोंबी बाहेर येते ती पांढरी, पळींजाने, म्हणजे पोकळ दाण्यांनी, भरलेली. शेततळ्यातलं पाणी याच पंधरवड्यासाठी राखून ठेवा, आधी उडवू नका.

कापणी झाल्यावर ओल आहे तोवर एक उथळ नांगरट करा, म्हणजे खालचं मीठ वर चढायला वाट राहत नाही.