हलकं कोक ओ व्हँ करताना या चुका टाळा

फ्रान्सच्या बरगंडीचं कोक ओ व्हँ म्हणजे मुळात म्हाताऱ्या कोंबड्याचं निबर मांस लाल वाइनमध्ये दोन-तीन तास शिजवून मऊ करायची युक्ती. त्यात बेकनचे तुकडे, कातडीसकट चिकन आणि शेवटी लोणी-मैद्याचा गोळा. जडपणा येतो तो या तिघांमुळे. पण हलकं करायच्या नादात आपण वाइन कमी करतो, परतणं उरकून टाकतो आणि हाती येतो जांभळट, आंबट रस्सा. माझा पहिल्या खेपेला असाच झाला होता.

सगळ्यात जास्त बिघडतं ते परतताना. कातडी काढलेलं चिकन ओलं असतं. तसंच टाकलं की पाणी सुटतं आणि ते वाफेवरच शिजतं. तुकडे कापडाने अगदी कोरडे करा, जाड बुडाचं पातेलं चांगलं तापू द्या, 1 मोठा चमचा तेल पुरे. एका वेळी चार-पाचच तुकडे टाका आणि चार मिनिटं हात लावू नका. घाईने उलटलंत तर मांस बुडाला चिकटून फाटतं. खरपूस झालं की आपणच सुटतं. बुडाशी जी तपकिरी खरवड राहते ती घासून टाकू नका. वाइन ओतून लाकडी उलथन्याने सोडवून घ्या. कमी चरबीच्या रश्शाला चव देते ती हीच.

किलोभर चिकनला 400 मिली वाइन लागते. नाशिकची शिराझ ही लाल वाइन छान चालते. चिकन घालण्याआधी ती उकळून निम्मी करा, म्हणजे कच्चा आंबटपणा जातो. शिजवल्यावर दारू पूर्ण उडते हा मात्र गैरसमज आहे, म्हणून न पिणाऱ्या पाहुण्यांना आधी सांगाच.

हलकं म्हणून ब्रेस्ट पीस घेऊ नका, त्याचा चोथा होतो. मांडी आणि तंगडी घ्या; मंद आचेवर 35 ते 40 मिनिटांत होतात. कुकर नको, त्यात रस आटत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलंही नको, वाइनच्या आंबटपणाने रश्शाला धातूची चव येते. बेकन ठेवायचंच असेल तर दोन पट्ट्या पुरेत, आणि मीठ सगळं आटल्यावरच घाला.

मशरूम वेगळे, मोठ्या आचेवर परता. रश्शात कच्चे टाकले तर पाणी सोडून तो पातळ करतात.

दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर लावलं की रस्सा चकचकीत, बुळबुळीत होतो. त्यापेक्षा चिकनसोबत रश्शात शिजवलेलं गाजर आणि कांदा, दोन-तीन चमचे, घोटून परत मिसळा. मग पाच मिनिटं झाकण काढून आटवा, चमच्याच्या पाठीला रस्सा धरायला लागेपर्यंत.

वर तर्री दिसली तर घाबरू नका. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी चरबी पांढऱ्या सायीसारखी गोठलेली असते, चमच्याने अलगद उचलून टाका. रस्साही एव्हाना मुरलेला असतो.