सुरमईतला पारा रक्तात किती चढतो, एक्सेलमध्ये काढा

बांगडा की सुरमई हा वाद आपल्याकडे चवीवरून चालतो, पण घरात कुणी गरोदर असेल तर पाऱ्यावरूनही करायला हवा. मोठ्या शिकारी माशात मिथाइलमर्क्युरी (पाऱ्याचं माशात सापडणारं विषारी रूप) साठत जातं, बांगडा छोटा आणि प्लँक्टनवर जगणारा, त्यात कमी. हिशोबासाठी भारी सॉफ्टवेअर नको, अख्खं शरीर म्हणजे एक डबा धरायचा, वरून पडतंय, खालून गळतंय, बस. लिव्हर, किडनी, मेंदू वेगळे धरणारी मॉडेल्सही असतात, इथे एवढ्यावर भागतं.

आकडे अमेरिकेच्या ईपीएने (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) वापरलेलेच घ्या: खाल्लेल्यातलं ९५ टक्के अंगात जातं, त्यातलं ५.९ टक्के रक्तात, रक्त ५ लिटर, आणि रोज १.४ टक्के बाहेर, म्हणजे निम्मं व्हायला जवळपास ५० दिवस.

समजा दर रविवारी २०० ग्रॅम सुरमई, किलोमागे ०.३ मिलिग्रॅम पारा (हा मी धरलेला आकडा, लॅब रिपोर्ट असेल तर तो टाका). झाले ६० मायक्रोग्रॅम. ६० × ०.९५ × ०.०५९ ÷ ५ केलं की ०.६७ मायक्रोग्रॅम, एवढी भर दर रविवारी लिटरभर रक्तात पडते. आता पहिल्या कॉलममध्ये दिवस, दुसऱ्यात कालचा आकडा गुणिले ०.९८६, रविवार असेल तर अधिक ०.६७, आणि ३६५ ओळी खाली ओढा. युनिटकडे लक्ष द्या हां, मी पहिल्यांदा मिलिग्रॅम तसेच ठेवले आणि ग्राफ जमिनीला चिकटलेला बघून खूश होऊन बसलो होतो.

रेघ करवतीच्या दात्यांसारखी चढत जाते आणि वर्षअखेरीस लिटरमागे ६.५ ते ७.२ मायक्रोग्रॅममध्ये घुटमळते. आता तुलना: उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या, आईच्या पोटात असताना पारा पोचलेल्या मुलांच्या अभ्यासातून, मेंदूवर परिणाम दिसू लागण्याची रक्तातली पातळी म्हणून ५८ हा आकडा निघाला, ईपीएने सेफ्टीसाठी त्याला १० ने भागलं, ५.८. आपण त्याच्या वर आहोत, म्हणजे विषबाधा झाली असं नाही, हातात ठेवलेली मोकळीक खायला लागलो एवढंच. तेवढाच बांगडा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम धरून टाकून बघा, सरासरी १.१ वर थांबतो.

आणि सगळ्यांचा डबा सारखा गळत नाही, म्हणून ०.९८६ च्या जागी ०.९९० (म्हणजे रोज फक्त १ टक्का बाहेर) टाकून परत ओढा, पण या वेळी दोन वर्षं. मासा तोच, रविवार तोच, सरासरी ९.६ च्या आसपास जाते.