आधी बन, मग सॉस: घरी आपापल्या आवडीचा बर्गर कसा करावा

घरच्या बर्गरचे पहिले दोन घास झकास जातात आणि तिसऱ्याला फजिती होते. खालचा बन भिजून फाटतो, टोमॅटो घसरून ताटात पडतो, सॉस मनगटापर्यंत येतो. चवीत बहुधा काही खोट नसते, ओलाव्याचा हिशेब चुकलेला असतो. कुणाला चीज हवं, कुणाला नुसता कच्चा कांदा, कुणाला सॉसच सॉस. आवडीवरून वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र आपल्या आवडीत ओल किती आहे हे बघून बन निवडायचा आणि मगच बाकीच्या गोष्टींना हात लावायचा.

बन निवडताना

बेळगावात कॅम्प असो की शहापूर, बेकरीत तीन प्रकार सहज दिसतात: गोल बन, लादी पाव आणि टूटीफ्रूटीचा गोड बन. तिसरा चहासाठी राहू द्या. गोल बन साधारण १० सेंटिमीटर रुंदीचा घ्या. अंगठ्याने हलकेच दाबला की वर आला पाहिजे. खड्डा तसाच राहिला तर तो सॉस पेलणार नाही. "काका, आजचा आहे का?" असं सगळेच विचारतात, पण बर्गरसाठी कालचा बनही चालतो. थोडा सुकलेला असल्याने तो तव्यावर जास्त छान भाजला जातो. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, तिथे पाव लवकर शिळा आणि कोरडा होतो. दोन दिवसांनी लागणार असेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाका.

लादी पाव लहान आणि मऊ, त्यामुळे ओल्या सॉसला निरुपयोगी. त्याचे छोटे बर्गर मात्र फार छान होतात. अमेरिकेत विचिटा शहरात १९२१ साली सुरू झालेल्या व्हाइट कॅसलचे बर्गर असेच इटुकले असतात. बारीक कांद्याच्या थरावर पातळ पॅटी ठेवायची आणि बन तिच्यावरच ठेवून द्यायचा, म्हणजे कांद्याची वाफ त्यात मुरते. चिकन खिम्याची पातळ पॅटी करून, वर झाकण ठेवून हे आपल्या तव्यावरही जमतं. यात वेगळा सॉस लागतच नाही.

चोर्ला किंवा अनमोड घाटातून कुणी गोव्याहून येणार असेल तर पोई, म्हणजे तिथला गोल पाव, मागवून ठेवा. ती आतून पोकळ असते. थरावर थर रचायला ती नाही. अर्धी कापून, खिशात भरल्यासारखी पॅटी आत सरकवायची. सॉस खाली गळत नाही. ज्यांना सॉस भरपूर लागतो त्यांच्यासाठी माझं मत पोईलाच.

कुठलाही पाव असो, कापलेली बाजू लोण्यावर मध्यम आचेवर खरपूस भाजायचीच. ही पायरी गाळणाऱ्याने भिजलेल्या बनाची तक्रार करू नये.

पॅटी

बटाट्याची करायची तर चार जणांना ४०० ग्रॅम बटाटे सालासकट उकडा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग कुस्करा. गरम बटाटा मळला की चिकट गोळा होतो. त्यात मिक्सरमधून काढलेली पोह्यांची पूड चार चमचे, आलं-मिरची, कोथिंबीर, मीठ. दीड सेंटिमीटर जाडीच्या टिक्क्या थापून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, नंतर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं भाजा. मटारही घालतात, मला त्याने टिक्की फुटते असंच वाटतं.

चिकन खिमा ५०० ग्रॅममध्ये चार पॅटी होतात. मीठ थापायच्या अगदी आधी घाला, लवकर घातलं तर मांस रबरासारखं होतं. पॅटी शिजताना आक्रसते, म्हणून बनापेक्षा सेंटिमीटरभर रुंद थापा आणि मध्ये अंगठ्याने खळगा करा. कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस.

घरात कुणाचा सोमवार, कुणाची एकादशी असते. एकच तवा असेल तर आधी शाकाहारी पॅटी आणि त्यांचे बन पूर्ण करून बाजूला काढा, मग चिकन. उलतणंही वेगळं.

सॉस: दोनच, त्यातला एक कोरडा चालेल

चार बाटल्यांमधले सॉस एकावर एक ओतले की सगळ्यांची मिळून केचपसारखी गोड चव होते. एक स्निग्ध आणि एक झणझणीत किंवा आंबट, एवढं पुरे. स्निग्धासाठी बाजारचं मेयोनीज घ्या नाहीतर चक्का. अर्धा किलो दही चार तास टांगून ठेवलं की घट्ट चक्का मिळतो. त्यात ठेचलेला लसूण, मोहरीची पूड, मीठ आणि चमचाभर तेल फेटा. मेयोनीजपेक्षा हा हलका लागतो. चक्क्यातून पाणी सुटतं, म्हणून ऐनवेळी लावा.

झणझणीतासाठी आपल्याकडे वेगळं काही शोधावं लागत नाही. ब्याडगी मिरचीत रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. संकेश्वरी त्याहून बरीच जहाल. पाच ब्याडगी आणि एक संकेश्वरी बिया काढून वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवा. चार लसूण पाकळ्या, सुपारीएवढा गूळ, चमचाभर व्हिनेगर आणि मीठ घालून बारीक वाटा. चमचाभर तेलात पाच मिनिटं परता, म्हणजे कच्चेपणा जातो आणि पाणीही आटतं. मुलांसाठी संकेश्वरी वगळा. घरात रंजका, म्हणजे ओल्या लाल मिरच्यांचा ठेचा, असेल तर तोच चक्क्यात कालवा, वाटावाटीच नको.

आता कोरडं. शेंगाचटणी किंवा कारळ्याची चटणी बर्गरमध्ये घालायची म्हटलं की बाहेरगावचे पाहुणे भुवया उंचावतात, पण ओलाव्याच्या हिशेबात यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. भाजलेल्या बनावर लोणी असतंच. त्यावर चमचाभर शेंगाचटणी पसरून दाबली की चव येते, पाणी येत नाही, वर पॅटीतून सुटलेला रस ती शोषून घेते. बटाट्याच्या टिक्कीला शेंगाचटणी, चिकनला कारळ्याची, असं माझं जुळवणं आहे. जवसाची चटणीही चालेल, पण मेयोनीजबरोबर ती जरा जड होते.

वरचे थर

लेट्यूस मिळालं तर घ्या, न मिळालं तर हळहळू नका. बेळगावच्या आसपास कोबी भरपूर पिकतो, गोव्यालाही इथूनच भाजी जाते. कोवळा कोबी केसासारखा चिरून मीठ-लिंबू लावा, दहा मिनिटांनी घट्ट पिळा. कांद्याच्या चकत्या गार पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की उग्रपणा जातो. ज्याला उग्रच आवडतो त्याला तसाच द्या. टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून कापडावर टिपा. काकडी आंबट हवी असेल तर अर्धी वाटी व्हिनेगर, तेवढंच पाणी, चमचाभर मीठ आणि दोन चमचे साखर एकदा उकळून, कोमट झाल्यावर चकत्यांवर ओता. तासाभरात तयार.

चीज स्लाइस पॅटी तव्यावर असतानाच ठेवा. तव्याच्या कडेला दोन थेंब पाणी शिंपडून अर्धा मिनिट झाकण घाला. थंड चीज नंतर घातलं तर ते तसंच रबरी राहतं.

रचना

खालून वर: भाजलेला बन, कोरडी चटणी, कोबी किंवा लेट्यूस, पॅटी आणि चीज, कांदा, टोमॅटो, मग स्निग्ध सॉस लावलेला वरचा बन. तिखट सॉस थेट पॅटीवर, बनावर नको. मुलांना आपापला बर्गर स्वतः रचू द्या, पण सॉसची वाटी मोठ्यांच्या हाताशी राहू द्या.

डब्यात द्यायचा असेल तर रचून देऊ नका. पॅटी आणि बन एका डब्यात, टिपलेली भाजी वेगळी, चटणी कागदाच्या पुडीत. अशा वेळी ओला सॉस मुळीच नको, शेंगाचटणीवर भागतं.